देवराईच्या कडेची रानमोडी: एका वर्षाच्या प्रकल्प नोंदी

जागा: देवगड तालुका, वाघोटण खाडीच्या अलीकडचा सडा (जांभ्या कातळाचं उघडं पठार), साधारण अकरा एकर. पूर्वेला लागूनच ग्रामदेवतेची राई, दीडेक एकर. राईच्या खालून वहाळ, म्हणजे ओढा, जातो. रानमोडी हे राईच्या कडेला माजलेलं तण, तेच काढायचं होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे एकदा लिहिलं होतं, तर पुढच्या रविवारी सड्यावर नऊ गाड्या उभ्या होत्या.

३० जून २०२४, रविवार

हंगामातली पहिली सहल, दीपकाडी बघायला. चौदा जण आले, त्यातले पाच गावातले. पावसाने सकाळी दोन तास उघडीप दिली, तेवढ्यात काम झालं.

दीपकाडी अगदी भरात होती. जांभ्याच्या फटीत कंद, त्यातून वर आलेला एकच दांडा आणि त्यावर पांढरी फुलं. कोकण-गोव्याचे सडे सोडले तर जगात कुठेही न उगवणारी वनस्पती आपल्या चपलेपासून वीतभर अंतरावर आहे हे सांगितल्यावर मंडळी आपोआप जपून पाय टाकायला लागली. शाळेची पट्टी नेली होती. कातळावरच्या मातीत चार-पाच ठिकाणी रोवून बघितली. सगळ्यात जास्त भरली चार सेंटिमीटर, एके ठिकाणी तर दीडच. एवढ्याशा मातीवर हा सगळा संसार. सातबाऱ्यावर या जमिनीची नोंद ‘पोटखराबा’ अशी आहे. कागदाने आधीच खराब ठरवलेली जमीन राखा म्हणून कोणाला सांगायचं, ही आमची जुनी पंचाईत.

एक घोळ झाला. फोटोसाठी बैठक नीट व्हावी म्हणून एका पाहुण्याने दगड सरकवला. खाली फुरसं. वेटोळं घालून अंगावरचे खवले एकमेकांवर घासत होतं, लाकडावर बारीक करवत चालावी तसा आवाज. पाहुणे मागे सरले, फुरसं जागेवरच राहिलं, कोणाला काही झालं नाही. पण आमच्यापैकी एकालाही धड सांगता येईना की गाडीची चावी कोणाकडे आहे आणि सर्पदंशाची लस असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे. पुढच्या वेळेपासून फुलांची नावं नंतर, आधी हे सांगायचं. आणि दगडाला हात लावायचा नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

सड्यावर सीतेची आसवं, गेंद, आभाळी, सगळं एकदम फुललंय. पाण्याच्या कडेला दवबिंदूही मिळाला, पानावरच्या चिकट थेंबात अडकलेल्या चिलटासकट. मुलांनी तिथेच अर्धा तास काढला. सीतेची आसवंही किडे खातात, फक्त त्यांचे सापळे चिखलात, मुळांच्या बाजूला, बारीक फुग्यांसारखे असतात, हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, “मग सीता रडते कशाला?” मला उत्तर सुचलं नाही.

पण सहल फसली असंच लिहावं लागेल. वीस जणांची मर्यादा ठेवली होती, आले सेहेचाळीस. निरोप पुढे पुढे ढकलला जातो आणि प्रत्येक जण ‘आमचे दोघं जास्त’ म्हणतो. दोन गाड्या रस्ता सोडून थेट सड्यावर चढल्या. त्या गेल्यावर चाकोरीत वाकून पाहिलं. माती बाजूला ढकलली गेली होती आणि खाली नुसता काळा कातळ. चार सेंटिमीटर माती साचायला किती पावसाळे गेले असतील कोण जाणे.

आता बारा जणांवर एकही नाही. नावं आधी, गाड्या देवळाजवळ. चिडणारे चिडतील.

१० सप्टेंबर, मंगळवार

गौरी आल्या. सह्या गोळा करायला याहून चांगला मुहूर्त नाही.

सड्याचा मोठा तुकडा सामाईक. सातबाऱ्यावर एकतीस नावं. त्यांतली एकोणीस मुंबईत, ठाण्यात आणि विरारला, चार जण हयात नाहीत, एकाचं नाव दोनदा. वर्षभरात हे सगळे एका जागी सापडतात ते फक्त गणपतीत. म्हणून तीन दिवस घरोघर फिरतोय. आरतीला उभं राहायचं, प्रसाद घ्यायचा, एखादी करंजी खायची आणि मग पिशवीतून कागद काढायचा. संमतीपत्र साधं आहे: पाच वर्षं सड्यावर जेसीबी लावायचा नाही, चिरेखाणीला द्यायचा नाही, सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे पाडायचे नाहीत, आग लावायची नाही. जमीन ज्याची त्याचीच. विकायचं ठरलं तर आधी आम्हाला सांगायचं, एवढंच.

मुंबईकरांचा पहिला प्रश्न ठरलेला: “यात सरकार येणार नाय ना?” दुसरा प्रश्न: “भाव काय चाललाय?” एका घरात दोन भाऊ आठ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. एकाची सही घेतली आणि तोच कागद दुसऱ्या पडवीत नेला. त्याने आधी भावाची सही निरखून पाहिली, “अजून तसोच ‘ळ’ काढता” एवढंच बोलला आणि खाली आपली सही केली.

अडलं ते वरच्या वाडीतल्या आजींपाशी. त्यांचा हिस्सा छोटा, पण राईच्या वाटेवरचा. मी आधी कागदात ‘गवत कापायचं नाही’ असंही लिहिलं होतं. आजींनी नातवाकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, “सही करतंय मी. पण गवत माका व्हया. म्हशीक काय तुझी फुला घालू?”

मी बरंच समजावलं. फुलं बी धरतात, गवत राहिलं तर माती राहते, वगैरे. आजी ऐकत ऐकत लसूण सोलत राहिल्या. शेवटी ठरलं की गवत कापायचं, पण दिवाळीनंतर, फुलं बी टाकून गेल्यावर. ओळ खोडून कागद बदलला. परतताना मनात होतं की आपण नमतं घेतलं.

एकतीसपैकी तेवीस सह्या.

२१ सप्टेंबर, शनिवार

किनारा स्वच्छतेचा आंतरराष्ट्रीय दिवस. बोलावणं आलं म्हणून गेलो. जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल, बाटल्या. सतरा गोणी. टी-शर्ट वाटले, भाषणं झाली. पुढच्या अमावास्येच्या उधाणाला किनारा परत तसाच होणार. आमचं काम हे नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

कौल घेतला.

राईच्या कडेला आणि आत जिथे जिथे ऊन पोचतं तिथे रानमोडी माजली आहे. पुरुषभर उंच, खाली दुसरं काही उगवू देत नाही. डिसेंबर-जानेवारीत फुलते, मग तिचं म्हातारीसारखं बी वाऱ्यावर गावभर जातं. फेब्रुवारीनंतर वाळते आणि मग नुसती चुलीत घालायची काटकी. काढायची तर आत्ताच, परतीच्या पावसाने माती मऊ आहे तोवर. पण राई देवाची. राईतली पडलेली फांदीसुद्धा कोणी घरी नेत नाही. तिथे पन्नास माणसं घुसवायची तर विचारलंच पाहिजे.

सकाळी नऊला देवळात जमलो. गुरवकाका, मानकऱ्यांपैकी तिघं, सरपंचबाई आणि आम्ही चौघं. काकांनी पाषाणाला पाणी घातलं, दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि पहिला प्रश्न घातला: ही रानमोडी काढूची काय? सगळे गप्प. बाहेर वहाळाचा आवाज. पाच-सात मिनिटांनी उजवीकडची पाकळी सुटली. मानकरी हलले, मीही सुस्कारा सोडला. सह्यांच्या कागदापेक्षा या पाकळीचं वजन गावात जास्त आहे, हे मला ठाऊक होतं.

काका थांबले नाहीत. परत पाकळ्या लावल्या. कोयती चालवूची काय? यावेळी बराच वेळ गेला. शेवटी डावीकडची पडली. नाही. मग तिसरा प्रश्न: हातान उपटली तर? उजवी.

“राईत लोखंड नाय,” काका म्हणाले. “भायर काय करूचा ता करा.”

मग गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ही पोरा तुझ्या रायेत इली आसत. हेंच्या हातान काय चूकभूल झाली तर ती पोटात घाल, आणि जो काय आडवो-तिडवो येळ-वखत आसात तो दूर कर रे म्हाराजा!” आम्ही सगळ्यांनी “व्हय म्हाराजा!” म्हटलं. माझ्याबरोबरची पुण्याहून आलेली मुलगी पहिल्यांदा अर्धा क्षण उशिरा म्हणाली, दुसऱ्यांदा बरोबर.

खरं सांगायचं तर मनात मी हिशेब करत होतो. हाताने उपटायचं म्हणजे तिप्पट वेळ, आणि पन्नास जण एका दिवसात जेवढं कोयतीने साफ करतील त्याचा तिसरा हिस्साच होईल.

२० ऑक्टोबर, रविवार

मोठा श्रमदानाचा दिवस. अठ्ठावन्न माणसं: कॉलेजची एनएसएसची मुलं, तालुक्यातले काही शिक्षक, गावातले पंधरा-सोळा. सकाळी पेज आणि लोणचं, दुपारी काळ्या वाटाण्याची उसळ, भाकरी. महिला मंडळाने ऐंशी भाकऱ्या केल्या, एक उरली नाही.

राईच्या आत वीस जणांना लावलं. बुंध्याला दोन्ही हातांनी धरायचं, आधी थोडं गदागदा हलवायचं, मग सरळ वर. मातीचा ‘फस्’ असा आवाज येतो आणि सगळं मूळ हातात. अर्धवट तुटलं तर तिथूनच चार फुटवे येतात, म्हणून मूळ दाखवल्याशिवाय पुढच्या झाडाला हात नाही. मुळांची माती झटकून झाडं दगडांवर उलटी टाकली, म्हणजे परत रुजत नाहीत. अकरा वाजेपर्यंत हातमोजे फाटले. मोजे स्वस्तातले आणले होते, चूक माझी.

बाहेर, राईच्या पश्चिम कडेला, बाकीचे अडतीस जण कोयत्या घेऊन. तिथे लोखंडाला मनाई नव्हती. दोन तासांत सगळी कड मोकळी. सपासप कापलं, ओढलं, राईच्या काठालगत ढीग लावले. सात मोठे ढीग, माणसापेक्षा उंच. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला तर कोणीही वाहवा करील. केलीच. संध्याकाळपर्यंत फोन वाजत होता.

ढीग हलवायचे राहिले. ट्रॅक्टर सांगितला होता, तो भातकापणीवर गेला.

२३ ते २५ ऑक्टोबर

आत राहिलेली रानमोडी. रोज सकाळी सहा ते नऊ, नऊ माणसं, फोटो नाहीत. माझं दुकान उशिरा उघडलं. आतलं काम संपलं.

८ डिसेंबर, रविवार

वहाळावर वनराई बंधारा. दिवाळी, मग विधानसभेची निवडणूक, यात नोव्हेंबर गेला. पाण्याचा जोर कमी झाला होता, पण धार अजून आहे.

सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून, तोंडं सुतळीने शिवून, विटांसारखी सांधेमोड करत रचली. एकशे तीस पोती. आधी सरळ भिंत उभी केली होती, ती गावातल्या एका गवंड्याने बघितली आणि काही न बोलता मधली सहा पोती काढून येणाऱ्या पाण्याच्या दिशेने बाक दिला. मागच्या वर्षी आमचा बंधारा का फुगून फुटला ते तेव्हा कळलं. दुपारी चारपर्यंत गुडघाभर पाणी तुंबलं. आजी म्हशीला घेऊन आल्या, म्हैस सरळ पाण्यात बसली. सड्यावरचं आपल्या वाटेलगतचं गवत आजींनी कापून नेलंय, चांगला रुंद पट्टा बोडका झालाय. मला बघवलं नाही.

ढीग अजून तिथेच. वाळून निम्मे झालेत. ट्रॅक्टरवाला म्हणतो, पुढच्या आठवड्यात.

१२ जानेवारी २०२५, रविवार

जाळरेषा, बाहेरची आग आत येऊ नये म्हणून. सड्याच्या उत्तर आणि पश्चिम हद्दीवर पंधरा फुटांचा पट्टा कापून, पहाटे दव असताना, मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा) पडायच्या आत थोडा थोडा जाळला. प्रत्येक वीस पावलांवर एक जण, हातात हिरवा टाळा, म्हणजे पाल्याची फांदी. सतरा जण. पश्चिमेचा शेवटचा तुकडा राहिला कारण ऊन वर आलं आणि काका म्हणाले, पुरे. पुढच्या रविवारी करू.

२६ जानेवारी, रविवार

ग्रामसभा. जैवविविधता कायदा २००२चा, गावाची जैवविविधता समिती कागदावर आहे, लोक जैवविविधता नोंदवही मात्र कोरीच. राई आणि सडा त्यात घ्यावा असा ठराव मांडला. सरपंचबाईंनी रेटून मंजूर करून घेतला. पश्चिमेचा तुकडा अजून राहिलाय.

६ मार्च, गुरुवार

चार वाजून वीस मिनिटांनी आजींच्या नातवाचा फोन. “सड्यार आग लागली.”

मी पोचेपर्यंत पाच. पश्चिमेकडून कोणीतरी बांध भाजायला काडी लावली होती. कोणी ते कळलं, लिहीत नाही. दुपारनंतर खारा वारा सुटतो हे त्यालाही माहीत असणार. आग न जाळलेल्या त्या तुकड्यातून आत शिरली, जिथे आम्ही ‘पुढच्या रविवारी’ म्हटलं होतं. वाळकं गवत पेटलं की ज्वाळा दिसत नाहीत, नुसती हवा थरथरते आणि काळी रेघ पुढे सरकते. तेवढ्या उन्हात आगीची धार दिसत नाही, हे दर वर्षी विसरतो.

वीस-बावीस माणसं टाळे घेऊन धावली. आजींनी गवत कापलेल्या पट्ट्यावर आल्यावर आगीला खायला काही उरलं नाही, तिथे ती बसली. पोरांनी टाळे मारून ती बाजू पुरती विझवली. आम्हाला वाटलं, आटोक्यात आली. पण दक्षिणेकडून एक जीभ वळून राईच्या कडेला गेली, आणि तिथे आमचे सात ढीग.

ऑक्टोबरपासून वाळलेली रानमोडी. पहिला ढीग पेटला तेव्हा आवाज झाला, फटाक्यांची माळ लावावी तसा. दुसरा आपोआप. ढिगांच्या मागे आम्ही कापलेल्या बुंध्यांना कमरेएवढे फुटवे आले होते, तेही वाळलेले. सगळी कड, फोटोतली मोकळी कड, पंधरा मिनिटांत पेटली. काठावरचं किंजळाचं एक जुनं झाड, ऐनाची दोन आणि कितीतरी लहान रोपं होरपळली. धग एवढी की तीस पावलांवरून चेहरा भाजत होता.

आत मात्र आग फार गेली नाही. जिथे मुळासकट उपटलं होतं तिथे उभं जळण नव्हतं. पालापाचोळ्यावरून बारीक धूर करत सरपटत आली, ती टाळ्यांनी आणि बंधाऱ्यातून आणलेल्या पाण्याने मारली. राईतली सावली आणि ओल यांचाही वाटा आहे, सगळं श्रेय आमच्या उपटण्याला देत नाही. पण आतली आणि बाहेरची रेघ रात्री बॅटरीच्या उजेडात स्पष्ट दिसत होती. एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला पाचोळा.

साडेनऊला सगळं शांत. महिला मंडळाने चहा आणला. गुरवकाका देवळाच्या पायरीवर बसले होते, धोतराला राख लागलेली. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “तो ट्रॅक्टरवालो खयचो?”

७ मार्च, शुक्रवार

गटाला जसं घडलं तसं कळवलं: आग दुसऱ्याने लावली, जळण आम्ही रचलं होतं. दोघांनी लिहिलं की असं जाहीर बोलू नये, पुढच्या वेळी लोक येणार नाहीत. येतील त्यांना मूळ दाखवायला सांगू.

१६ मार्च, रविवार

शिमग्यानंतर बैठक. ठरलं ते असं. कोयती बाहेरही नाही. उपटणं फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरात, ढीग कुठेही नाही. ज्या दिवशी उपटलं त्याच दिवशी झाडं उघड्या कातळावर, राईपासून लांब. मोठा श्रमदानाचा दिवस बंद, त्याऐवजी दहा जणांचे सहा रविवार. आजींच्या गवताचा पट्टा आता जाळरेषेचा भाग. त्या कागदात लिहिलंय: ‘गवत दिवाळीनंतर कापावे’. ‘कापू नये’ असं लिहिलेला पहिला कागद माझ्याकडे आहे, जपून ठेवलाय.

११ मे, रविवार

बिया गोळा केल्या. राईतून काही न्यायचं नाही, म्हणून राईबाहेरच्या झाडांच्या: करंज, जांभूळ, आणि एका बागेतले रातांबे (कोकमाची फळं). रातांब्याचं बी वाळवून ठेवलं की मरतं, गर काढल्यावर लगेच लावावं लागतं. मुलांनी गर चोखून बिया थुंकल्या, त्याच पिशवीत भरल्या. पद्धत बरोबर की चूक माहीत नाही, वेळ वाचला.

२५ मे, रविवार

मान्सून आला. देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्यानेही सांगितलं. एरवी ७ जूनच्या आसपास यायचा. बंधाऱ्याची पोती काढायची होती, ती आता वहाळाने स्वतःच काढली. साठेक वाहून गेली. खाली खाडीत जाण्याआधी जी अडकली ती गोळा केली पाहिजेत, नाहीतर आमचंच प्लास्टिक सप्टेंबरात किनाऱ्यावर उचलायची वेळ येईल.

१ जून, रविवार

सहा जण. जळालेल्या कडेवर रानमोडीचे फुटवे आत्ताच वीतभर. जळलेल्या बुंध्याखालचं मूळ जिवंत आहे. माती मऊ, सहज येतंय. एका तासात दोनशे बारा मुळं, मोजून. किंजळाच्या एका फांदीला पालवी आहे, दुसरीला नाही. आजींचा नातू आपणहून आला, मोजे न घालता. त्याच्यासाठी पुढच्या रविवारी एक जोड जास्त. मोजे चांगल्यातले आणायचे.